डेल्फ्ट एका दिवसात: नवख्यांसाठी पायी फिरण्याचा मार्ग, तिकिटं आणि खाचखळगे

नेदरलँड्सला मुलामुलींकडे येणारे आई-बाबा, नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी आणि युरोप सहलीतला एक दिवस हाताशी असलेले प्रवासी या सगळ्यांना डेल्फ्ट सोयीचं पडतं. गाव लहान आहे, सपाट आहे, स्टेशनपासून मुख्य चौक दहा मिनिटांवर आहे. पण याच लहानपणामुळे फसगत होते. दुपारी दोनला पोहोचायचं, चौकात फोटो काढायचा, इथली प्रसिद्ध निळ्या नक्षीची बशी घ्यायची आणि चारच्या गाडीने परत, असं डेल्फ्ट बहुतेक जण करतात. आणि मग म्हणतात की बघण्यासारखं फार काही नव्हतं. गाव नीट बघायचं तर क्रम आणि वार या दोन गोष्टी आधी ठरवा. बाकीचं आपोआप जमतं.

१. वार ठरवा

रविवार टाळा. गावातली दोन्ही मोठी चर्चं रविवारी प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांना आत सोडत नाहीत. ती वगळली तर डेल्फ्टचा अर्धा जीवच गेला. सोमवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात, दुपारी उघडतात.

गुरुवारी मुख्य चौकात, म्हणजे मार्क्टवर, आठवडी बाजार भरतो. चीज, मासे, फुलं, कापड, भाजी असं सगळं असतं. बाजार बघायचा असेल तर गुरुवारच गाठा. पण नगरभवन आणि चर्च समोरासमोर असलेला तो मोकळा चौक फोटोत हवा असेल तर गुरुवारी तंबूंशिवाय काही मिळणार नाही. दोन्हींचा मेळ घालायचा तर शुक्रवार किंवा शनिवार बरा. शनिवारी उन्हाळ्यात कालव्यांच्या कडेला जुन्या वस्तूंचे स्टॉल लागतात. गर्दी मात्र जास्त.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरतो. मजा बघायला या, स्थळं बघायला नको.

ऋतूचं गणित सोपं आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. हिवाळ्यात चर्चं उशिरा उघडतात आणि लवकर बंद होतात, कालव्यातल्या बोटीही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात चालतात. त्यामुळे हिवाळ्यात खाली दिलेल्या मार्गातलं एखादं ठिकाण गाळावंच लागेल.

२. सोबत काय घ्यायचं

- पासपोर्ट, मूळ प्रत. इथे १४ वर्षांवरच्या प्रत्येकाला मागितल्यास ओळखपत्र दाखवावं लागतं आणि परदेशी पाहुण्यासाठी ते म्हणजे व्हिसासकट पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो चालत नाही. इथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी निवास परवान्याचं कार्ड ठेवावं.
- प्रवास विम्याचा कागद, निदान मोबाइलमध्ये.
- कॉन्टॅक्टलेस चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड, माणशी एक. याबद्दल पुढे.
- थोडे सुटे युरो. काही दुकानांत ‘फक्त पिन’ अशी पाटी असते, म्हणजे रोख घेत नाहीत. काही ठिकाणी उलट, क्रेडिट कार्ड घेत नाहीत.
- टोपी असलेलं रेनकोट-जाकीट. छत्री घेऊन जाल तर वारा ती उलटी करून हातात देईल.
- जाड तळव्याचे बूट. रस्ते विटांचे आणि दगडांचे आहेत. चपला किंवा उंच टाचा संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना तर बुटांचा फरक लगेच जाणवतो.
- रिकामी पाण्याची बाटली. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं. हॉटेलात साधं पाणी मागितलं तर काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी विकतची बाटलीच आणून ठेवतात.

मोठी बॅग बरोबर असेल तर ती स्खिपोल विमानतळ, हेग सेंट्रल किंवा रोटरडॅम सेंट्रलच्या लॉकरमध्ये ठेवून या. विटांच्या रस्त्यावर चाकांची बॅग ओढत दिवस काढणं हा छळ आहे.

३. कार्ड आधी भारतातच सुरू करून घ्या

इथे रेल्वे, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड यंत्राला लावून चढता येतं आणि उतरताना परत लावायचं असतं. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. भारतीय कार्डाच्या बाबतीत तीन अडचणी येतात.

पहिली, भारतातल्या कार्डांवर परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही बहुतेक वेळा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही बटणं वेगवेगळी असतात. निघण्याआधी दोन्ही सुरू करा, मर्यादाही बघा. दुसरी, रुपे कार्ड या यंत्रांवर चालेल असं धरू नका. तिसरी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट: एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याने कार्ड लावलं आणि मग बायकोसाठी तेच परत लावलं, तर यंत्राला वाटतं की पहिला प्रवास संपला. शिवाय प्लास्टिकचं कार्ड लावून चढलात आणि उतरताना तेच कार्ड मोबाइलमधून लावलंत, तर यंत्र ती दोन वेगळी कार्डं समजतं. दोन्हींवर अर्धवट प्रवास नोंदला जातो आणि जास्तीचे पैसे कापले जातात. चढताना जे वापरलं तेच उतरताना.

ज्यांच्याकडे पुरेशी कार्डं नाहीत त्यांनी स्टेशनच्या यंत्रावर किंवा रेल्वेच्या ॲपवर सरळ तिकीट काढावं.

इथे शिकणाऱ्या मुलाकडे डच रेल्वेचं सवलतीचं सदस्यत्व असेल तर गर्दीच्या वेळा सोडून त्याला ४० टक्के सवलत मिळते आणि सोबतच्या तिघांनाही तेवढीच मिळते. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा ही गर्दीची वेळ. शनिवार-रविवार दिवसभर सवलत. चौघांच्या कुटुंबाला यातून होणारी बचत चर्चच्या तिकिटांइतकी भरते, तेव्हा मुलाला आधीच विचारून ठेवा.

४. डेल्फ्टला पोहोचणं

स्खिपोलहून हेग आणि रोटरडॅमकडे जाणारी साधी इंटरसिटी डेल्फ्टला थांबते, साधारण पाऊण तासाचा प्रवास. ॲमस्टरडॅमहून तासभर. हेग आणि रोटरडॅम दोन्हीकडून पंधरा मिनिटांच्या आसपास.

इंटरसिटी डायरेक्ट नावाची गाडी वेगळी. ती वेगवान मार्गाने स्खिपोलहून थेट रोटरडॅमला जाते, डेल्फ्टला थांबत नाही आणि तिला वरून अधिभारही पडतो. ‘लवकर पोहोचू’ म्हणून तीत बसाल तर रोटरडॅमहून मागे यावं लागेल.

दुसरी गोष्ट, डेल्फ्टला दोन स्टेशनं आहेत. तुम्हाला हवं ते नुसतं ‘डेल्फ्ट’. ‘डेल्फ्ट कॅम्पस’ हे दक्षिणेला तांत्रिक विद्यापीठाच्या बाजूचं स्टेशन, जुन्या गावापासून लांब.

हेगमध्ये मुक्काम असेल तर एक नंबरची ट्राम घ्या. ती स्खेवेनिंगेनच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून हेगमधून डेल्फ्टला येते. रेल्वेपेक्षा वेळ जास्त, पण वाटेत बघायला मिळतं आणि ती जुन्या गावाच्या अगदी कडेला सोडते.

रेल्वेने आलात तर स्टेशनात वर बघायला विसरू नका. रूळ जमिनीखाली आहेत, वर २०१५ साली उघडलेली नवी इमारत आहे आणि तिच्या लाटांसारख्या छतावर १८७७ सालचा डेल्फ्टचा नकाशा निळ्या-पांढऱ्यात छापलेला आहे. बाहेर पडताना फाटकाला कार्ड लावायला मात्र विसरू नका.

५. पहिला टप्पा: जुनं चर्च

बहुतेक लोक स्टेशनवरून सरळ मार्क्टकडे जातात. तुम्ही तसं करू नका. बिनेनवाटरस्लोट या कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चाला. पाच मिनिटांत आउडे डेल्फ्ट हा आडवा कालवा लागतो. तिथे डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळा. समोर कललेला मनोरा दिसेल तेच आउडे केर्क, जुनं चर्च.

मनोरा सुमारे ७५ मीटर उंच आहे आणि उभ्या रेषेपासून जवळपास दोन मीटर झुकलेला आहे. बुजवलेल्या कालव्याच्या मऊ जमिनीवर तो बांधला आणि बांधतानाच पाया खचू लागला. वरचे मजले सरळ करण्याचा प्रयत्न गवंड्यांनी केला, म्हणून नीट बघितलं तर मनोरा मध्येच किंचित मोडलेला वाटतो. हे दिसायला चर्चच्या पायथ्याशी उभं राहून उपयोग नाही. कालव्यावरच्या पुलावर, थोडं दक्षिणेला थांबा. पाण्यात प्रतिबिंबही मिळतं आणि झुकावही कळतो.

तिकीट इथेच घ्या. जुन्या आणि नव्या दोन्ही चर्चचं मिळून एक तिकीट असतं. मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं, आणि तो मनोरा नव्या चर्चचा. जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं नाहीये.

आत गेल्यावर बहुतेकांची नजर व्हर्मीरच्या थडग्यासाठी जमिनीवर फिरत असते. योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५), मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या चित्राचा चित्रकार, इथे पुरला गेला. पण त्याच्या नावाचा जमिनीतला दगड साधा आहे आणि मागाहून बसवलेला आहे. मेला तेव्हा तो कर्जबाजारी होता. आणि त्याच्या मागे उरलेल्या मालमत्तेची व्यवस्था बघायला १६७६ साली नगरपालिकेने कुणाला नेमलं? आंतोनी व्हान लेव्हेनहुकला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहणारा म्हणून भेटतो तोच हा, डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी. दोघे एकाच वर्षी, एकाच गावात जन्मले. त्याचं स्मारकही याच चर्चमध्ये आहे, व्हर्मीरपेक्षा कितीतरी ठसठशीत. दोन्ही शोधा.

आरमारी सेनानी पीट हाइन आणि मार्टेन ट्रोम्प यांची संगमरवरी स्मारकंही इथे आहेत. ट्रोम्पच्या स्मारकावर समुद्री लढाईचा देखावा कोरलाय, तो जवळ जाऊन बघा. जहाजांच्या शिडांच्या दोऱ्यांपर्यंत काम आहे. रंगीत काचा मात्र जुन्या नाहीत, विसाव्या शतकातल्या आहेत. जुन्या काचा गेल्या त्याचं एक मोठं कारण १६५४ सालचा स्फोट. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला गावाच्या ईशान्य कोपऱ्यातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं. सुमारे ४० टन दारू होती. शंभरावर माणसं मेली, गावाचा तो भाग सपाट झाला, चित्रकार कारेल फाब्रिटियसही त्यात गेला. ती जागा म्हणजे आजचा पार्डनमार्क्ट. गजबजलेल्या गावात मध्येच एवढी मोकळी जागा कशी, असं वाटलं तर कारण हे.

या चर्चला निवांत पाऊण तास द्या.

६. समोरचं प्रिन्सनहोफ

चर्चच्या समोर कालव्यापलीकडे प्रिन्सनहोफ. मुळातला मठ, पुढे डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचं निवासस्थान. १० जुलै १५८४ रोजी बाल्टाझार जेरार्ड्स याने जिन्याजवळ त्याला गोळ्या घातल्या. भिंतीतली गोळ्यांची भोकं आजही जपलेली आहेत.

इथे संग्रहालय आहे, पण ते मोठ्या नूतनीकरणासाठी बंद ठेवण्यात आलेलं आहे. जायच्या आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासूनच बेत करा, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. बंद असलं तरी शेजारचं आंगण आणि गल्ली फिरण्याजोगी आहे. याच कालव्यावर १६७ क्रमांकाचं दगडी घर आहे, दर्शनी भागावर रंगीत राजचिन्हांची रांग असलेलं. डेल्फलंड जलमंडळाचं ते घर. पाणी उपसून जमीन कोरडी ठेवणारी ही मंडळं या देशात सरकारपेक्षा जुनी आहेत.

७. व्हर्मीर: काय अपेक्षा ठेवायची

आधी स्पष्ट सांगून टाकलेलं बरं. डेल्फ्टमध्ये व्हर्मीरचं एकही मूळ चित्र नाही. फोल्डर्सख्राख्त या कालव्यावरच्या व्हर्मीर केंद्रात सगळ्या चित्रांच्या मूळ मापाच्या प्रती आहेत. मोत्याच्या कर्णभूषणाची मुलगी आणि ‘डेल्फ्टचं दृश्य’ हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहेत, दूध ओतणारी बाई आणि ‘छोटी गल्ली’ ॲमस्टरडॅमच्या राइक्समुझेउममध्ये.

मग केंद्रात जावं का? मूळ चित्रं आधी पाहिली असतील किंवा पुढे पाहणार असाल, तर जा. सगळी एकत्र, मापात, काळाच्या क्रमाने बघायला मिळतात आणि प्रकाशाचं, रंगांचं काम समजावून दिलेलं आहे. चित्रांत फारसा रस नसेल तर पैसे वाचवा आणि बाहेरून पुढे चला. फोल्डर्सख्राख्त स्वतःच गावातला सर्वांत देखणा कालवा आहे, अरुंद, घरांच्या पाठी थेट पाण्यात उतरलेल्या.

‘छोटी गल्ली’ हे चित्र नेमकं कुठलं, यावर बराच वाद झाला. २०१५ साली एका संशोधकाने जुन्या कालवाकराच्या नोंदींतून ती जागा फ्लामिंगस्ट्राटवरची ४०–४२ क्रमांकाची घरं असल्याचं मांडलं. फोल्डर्सख्राख्तवरून तसंच पूर्वेला पाच मिनिटं चालत गेलं की ती घरं लागतात. चित्रातली इमारत आता उरलेली नाही, जागा बघायची.

८. मार्क्ट आणि नवं चर्च

मार्क्टच्या एका टोकाला लाल झडपांचं नगरभवन, दुसऱ्या टोकाला न्यूवे केर्क. नगरभवन १६१८ च्या आगीनंतर वास्तुकार-शिल्पकार हेंड्रिक दे कायसर याने नव्याने उभं केलं. मागचा दगडी मनोरा त्याहून जुना, मध्ययुगीन. विल्यमच्या मारेकऱ्याला त्यातच डांबलं होतं.

न्यूवे केर्क नावाने ‘नवं’, पण मनोरा १३९६ ते १४९६ असा शंभर वर्षं चाललेल्या कामातून उभा राहिला. १०८.७५ मीटर, युट्रेख्टच्या डोम मनोऱ्यानंतर देशातला दुसरा उंच चर्च-मनोरा. आत मध्यभागी विल्यम ऑफ ऑरेंजचं स्मारक आहे, तेही दे कायसरचंच. काळा-पांढरा संगमरवर आणि काशाच्या मूर्ती. विल्यमची एक मूर्ती बसलेली, एक झोपलेली, आणि झोपलेल्याच्या पायाशी त्याचा कुत्रा. स्मारकाच्या सगळ्या बाजूंनी फिरून बघा, नुसतं समोरून बघून लोक निघून जातात आणि कुत्रा राहून जातो. खाली डच राजघराण्याचं दफनघर आहे, तिथे कुणालाच प्रवेश नसतो. चौकात पुतळा आहे तो ह्यूगो ग्रोशियसचा, आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घालणारा डेल्फ्टचाच माणूस. थडगं याच चर्चमध्ये.

आता मनोरा. ३७६ पायऱ्या, लिफ्ट नाही. जिना दगडी, गोल आणि अरुंद. समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटून थांबायचं. वेळ ठरवलेलं तिकीट आधी काढलेलं बरं, सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी मिळत नाही. जोराच्या वाऱ्यात मनोरा बंद ठेवतात. वरून स्वच्छ हवेत रोटरडॅमच्या इमारती आणि हेग दोन्ही दिसतात. गुडघे, दमा, उंचीची किंवा कोंदट जागेची भीती यातलं काही असेल तर हट्ट करू नका, अर्ध्यातून परत फिरणं त्या जिन्यात सगळ्यांनाच जड जातं. दोघे वर गेले, दोघे खाली चौकात कॉफी पीत बसले, हे जास्त बरं.

९. जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

चौकातल्या हॉटेलांपेक्षा दोन मिनिटांवरचा बेस्टनमार्क्ट बरा, झाडांखाली मांडलेली टेबलं आणि थोडी कमी धांदल. घाईत असाल तर सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेऊन कालव्याकाठी बाकावर बसा.

दिसायला शाकाहारी वाटणारे आणि नसणारे पदार्थ बरेच आहेत:

बिटरबॉलन आणि क्रोकेट हे बटाटेवड्यासारखे तळलेले गोळे दिसतात, आत बहुतेक वेळा गोमांसाचं सारण असतं. शाकाहारी प्रकारही मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. वाटाण्याच्या दाट सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सॉसेज असतो. काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांत आणि रंगीत जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. बऱ्याच चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवायचं विरजण) असतं, पाकिटावर शाकाहारी खूण बघा. पॅनकेक आणि लहान गोल पोफर्चेस यांत अंडं असतं.

बिनधास्त घ्यायच्या गोष्टी म्हणजे बटाट्याचे जाड फ्राइज (मेयोनीजमध्ये अंडं असतं, केचप मागा), चीज भरून तळलेलं कासूफ्ले (चीजमधलं रेनेट चालत असेल तरच) आणि फलाफल. अंडं नको असेल तर ‘झॉन्डर आय’, मांस नको असेल तर ‘झॉन्डर फ्लेस’ एवढं म्हटलं तरी पुरतं. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण गर्दीच्या काउंटरवर हे दोन शब्द लवकर समजतात.

स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. जेवलेल्या हॉटेलातच उरकून घ्या.

१०. ओस्टपोर्ट

जेवण झाल्यावर ओस्टआइंडे या शांत कालव्याकाठाने दक्षिण-पूर्वेला चालत राहा. दहा मिनिटांत दोन टोकदार मनोऱ्यांची वेस दिसेल. साधारण १४०० सालची, गावाच्या तटबंदीच्या वेशींपैकी उरलेली एकटी. आत कुणीतरी राहतं, त्यामुळे आत जाता येत नाही. फोटो वेशीजवळून नको, पुढचा पांढरा उचलता पूल ओलांडून पलीकडच्या काठावरून काढा.

११. निळी भांडी: कुठे बघायची, कशी ओळखायची

ओस्टपोर्टवरून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांवर रोटरडॅमसेवेखवर रॉयल डेल्फ्टचा कारखाना आहे, १६५३ सालचा. सतराव्या शतकात गावात तीसेक कारखाने होते, त्यांतला अखंड चालत राहिलेला हा एकच.

या धंद्याचं मूळ चीनमध्ये आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून चिनी पोर्सेलिन यायचं आणि श्रीमंतांची त्यावर उडी पडायची. सतराव्या शतकाच्या मध्यावर चीनमधल्या सत्ताबदलाच्या धामधुमीत माल येईनासा झाला. डेल्फ्टच्या कुंभारांनी ती पोकळी भरून काढली. पोर्सेलिनची माती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून साध्या मातीच्या भांड्यावर कथलाची पांढरी झिलई देऊन त्यावर निळं काम करू लागले. त्याच सुमारास गावातले बिअरचे कारखाने बंद पडत होते, त्यांच्या मोठ्या रिकाम्या इमारती कुंभारांना आयत्या मिळाल्या.

कारखान्यात आजची पद्धत बघायला मिळते. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, प्लास्टर पाणी शोषतं, भिंतीला थर धरला की उरलेली माती ओतून टाकतात. वाळवून पहिली भाजणी. मग नक्षी. कागदावर नक्षीच्या रेषांवर बारीक भोकं पाडलेली असतात, तो कागद भांड्यावर धरून वरून कोळशाची पूड थोपटतात, छिद्रांच्या रांगोळीच्या छाप्यासारखीच. पूड भट्टीत जळून जाते, ती नुसती खूण. कारागीर रंगवतात तो रंग काळा असतो, निळा नाही. त्यात कोबाल्ट ऑक्साइड असतं. वरून झिलईत बुडवलं की भांडं पूर्ण पांढरं होतं, चित्र दिसेनासं होतं, आणि १२०० अंशांच्या आसपासच्या दुसऱ्या भाजणीत झिलई पारदर्शक होऊन खालचं काळं निळं होऊन वर येतं. रंगवणाऱ्यांच्या टेबलाजवळ थोडं रेंगाळा. एकाच काळ्या रंगात पाणी कमी-जास्त करून ते निळ्याच्या छटा आधीच मनात धरून चालतात, भट्टीतून काय येणार हे डोळ्यांना तोवर दिसत नाही.

खरेदी करताना भांडं उलटं करा. रॉयल डेल्फ्टच्या हाताने रंगवलेल्या भांड्याच्या तळाला लहान बाटलीचं चित्र, मालकाच्या आद्याक्षरांची जोडाक्षरी खूण, ‘डेल्फ्ट’ ही अक्षरं, वर्षाची खूण आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. नुसतं ‘डेल्फ्ट ब्ल्यू’ लिहिलेलं असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, ते कुणीही लिहू शकतं. भिंग नसलं तरी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून रेषा बघा. छापील नक्षीत ठिपक्यांची जाळी किंवा सगळीकडे एकसारखी जाडी दिसते, आणि एकाच जागी जोड उघडा पडतो. हाताच्या कामात ब्रश टेकला तिथे गडद, उचलला तिथे फिकट. किमतीतला फरक मोठा असतो. फ्रिजवरच्या चुंबकाला छापील पुरेसं आहे, पण छापील वस्तूला हाताच्या कामाचे पैसे देऊ नका.

मार्क्टच्या जवळही लहान कार्यशाळा आहेत. रॉयल डेल्फ्टपर्यंत चालणं जमत नसेल तर तिथेही रंगकाम बघता येतं.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना एका दुकानात ५० युरो किंवा त्याहून जास्त खरेदीवरचा कर परत मिळू शकतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा, आणि विमानतळावर वस्तू न वापरलेल्या स्थितीत सीमाशुल्क विभागाला दाखवून शिक्का घ्या. भांडं चेक-इन बॅगेत असेल तर शिक्का बॅग देण्याच्या आधी. इथे निवास परवान्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर हे होत नाही, आई-बाबांच्या पासपोर्टवर होतं. आणि भांडी शक्यतो केबिन बॅगेतच न्या.

१२. परतताना: होइकाडे आणि कंपनीचं घर

कारखान्यातून त्याच रस्त्याने उत्तरेला या. पाणी रुंद होतं तिथे होइकाडे हा धक्का आहे. व्हर्मीरने ‘डेल्फ्टचं दृश्य’ इथल्याच बाजूने रंगवलं. वेशी आणि तट गेले, पण न्यूवे केर्कचा मनोरा तसाच दिसतो. मूळ चित्राचा फोटो मोबाइलवर उघडून उभे राहा, तरच मजा कळते.

तिथून पूल ओलांडून आउडे डेल्फ्टच्या दक्षिण टोकाला लागा. ३९ क्रमांकाची इमारत म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या डेल्फ्ट शाखेचं घर. कंपनीच्या सहा शाखांपैकी ही एक. डेल्फ्टला समुद्र नाही, त्यामुळे जहाजं डेल्फ्सहाफेनहून सुटत. ते बंदर आज रोटरडॅममध्ये आहे. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात होती आणि तिचे अवशेष तिथे अजून उभे आहेत. कोकणातल्या माणसाने या दारासमोर दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

इथून स्टेशन जवळच आहे. पाय दुखत असतील आणि उन्हाळा असेल तर उलट दिशेने कोर्नमार्क्टवर जाऊन कालव्याची बोट घ्या, पाऊण तासाची फेरी असते. पण शेवटची फेरी चुकवू नका, ती संध्याकाळ होण्याआधीच निघते. दुकानंही सहाच्या आत शटर ओढतात.

१३. रस्त्यावर सांभाळायच्या गोष्टी

लालसर डांबरी पट्टा सायकलींचा. फोटोसाठी त्यावर उभं राहू नका, सायकलवाले थांबत नाहीत, घंटा वाजवतात आणि अंगावर येतात. विद्युत सायकलींचा आवाजही येत नाही. रस्ता ओलांडताना भारतातल्यापेक्षा उलट बाजूने वाहन येतं, आधी डावीकडे बघा. बहुतेक कालव्यांना कठडा नाही, लहान मूल हाताला धरूनच ठेवा. पाऊस पडून गेल्यावर पुलांच्या चढावर विटा निसरड्या होतात.

सायकल भाड्याने घ्यावीशी वाटली तर रेल्वेची पिवळी-निळी सायकल पाहुण्यांना मिळत नाही, तिला इथल्या रेल्वेचं वैयक्तिक खातं लागतं. सायकलच्या दुकानातून घ्या. पण जुन्या गावात चालणंच सोयीचं.

१४. अर्धा दिवस जास्त असेल तर

हेगला मॉरित्सहाउस बघा. मोत्याची मुलगी आणि ‘डेल्फ्टचं दृश्य’ तिथेच, आणि स्फोटात मेलेल्या फाब्रिटियसचा ‘गोल्डफिंच’ पक्षीही. आधी डेल्फ्ट आणि मग हेग हा क्रम जास्त चांगला, होइकाडेवर उभं राहून आलेल्या माणसाला ते दृश्य वेगळंच दिसतं. वेळ ठरवलेलं तिकीट संकेतस्थळावर आधी काढा, सोमवारी संग्रहालय दुपारी एकला उघडतं. हेग सेंट्रलवर उतरलात तर दहा मिनिटं चालत, हेग एचएस स्टेशनवर उतरलात तर वीस. डेल्फ्टहून येणाऱ्या काही गाड्या फक्त एचएसला थांबतात, तेव्हा फलक बघून चढा.